टेंभ्याचा मान

"बाय, तो 'नम्र' काढ."

टाइप केलेला अर्ज मी मशीनमधून ओढून त्याच्या हातात दिला की तो आधी डोळ्यांपासून लांब धरायचा, मग जवळ आणायचा, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचायचा आणि एवढंच बोलायचा. 'नम्र विनंती'मधलं नम्र त्याला खुपायचं. "विनंती केली ना, पुरे. पाय धराया आलो काय आपन?" मी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "अहो, एका शब्दासाठी आख्खं पान पुन्हा बडवू? कागद काय झाडाला लागतात?" मग तो हसून माझ्याच टेबलावरचं पेन उचलायचा, त्या शब्दावर सावकाश रेघ मारायचा आणि तसाच खाडाखोडीचा अर्ज घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढायचा.

आणि हा बाणेदार माणूस माझ्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढून यायचा. दुकान म्हणजे काही देऊळ नव्हे. पत्र्याखाली एक टेबल, एक बाकडं आणि ठोकून ठोकून 'र' बोथट झालेलं टाइपरायटर. किती वेळा सांगितलं तरी ऐकलं नाही. एकदा कुत्र्याने त्याची एक चप्पल पळवली, तेव्हा उरलेली हातात घेऊन स्टँडपर्यंत गेला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याला ते आवडलं नसतं. शिवाय तुमच्याही तालुक्यात असा एखादा असेलच, त्याचं नाव घालून वाचलंत तरी चालेल.

मी मूळची त्र्यंबककडची. लग्न होऊन मोखाड्याला आले. यजमान पंचायत समितीत कारकून. घरात बसून जीव रमेना म्हणून कचेरीच्या रस्त्याला टायपिंगचं दुकान टाकलं. बायकोने अर्ज बडवायचे आणि नवऱ्याने ते फाईलला लावायचे, असा आमचा संसार. यजमान कधी वैतागून म्हणायचे, "आमच्या डोक्याला ताप देणारे अर्ज आमच्याच घरात तयार होतात." पण दुकान बंद कर असं कधी म्हणाले नाहीत.

तो दाभोशाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. घरची थोडी भातशेती. थोरला भाऊ मास्तर झाला, धाकटा कारकून. हाही दहावी पास झालेला, त्यालाही नोकरी लागली असती. पण त्याच सुमारास नदीवर धरणाची मोजणी सुरू झाली आणि हा धरणाविरुद्धच्या संघटनेत गेला तो गेलाच. पाणी जायचं होतं शहराला. बुडायचे होते नदीकाठचे पाडे. ज्याच्या नावावर सातबारा त्याला मोबदला मिळणार होता. पण पाड्यापलीकडे मजुरी करणाऱ्यांची एक वस्ती होती. नदीतले मासे-खेकडे, रानातले कंद आणि दिवाळीनंतर वीटभट्टी, यांच्यावर जगणारी. तिच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळे तिचं काय बुडणार हे कुठल्याच मोजणीत येत नव्हतं. संघटना उभी राहिली ती याच गोष्टीसाठी.

नव्वदच्या दशकातले ते पहिले दिवस थाटाचे होते. मुंबईची एक संस्था पैसे देत होती. स्टँडजवळ खोली, खोलीवर पाटी, भाड्याची जीप, कार्यकर्त्यांना मानधन. बैठकीला डाळभात आणि येण्याजाण्याचं भाडं. पार जव्हारकडच्या वांगणीसारख्या आडगावातून, जिथे धड रस्ता नाही तिथून, माणसं यायची आणि खोलीबाहेर चपलांचा ढीग पडायचा.

मग एक दिवस संस्थेची माणसं आली, चहा प्यायली आणि सांगून गेली की त्यांचेच पैसे आटले आहेत, आता मदत थांबेल. चांगली माणसं होती, त्यांनाही वाईट वाटलं असावं. जीप गेली, खोली गेली. कार्यकर्ते एकेक करून गेले. कुणी शाळेवर लागला, कुणी ठाण्याला कंपनीत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पाटी तेवढी याने प्रवासी जीपच्या टपावर टाकून घरी नेली. बायकोने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून घातली. मी म्हटलं, "अहो, संघटनेची पाटी खुराड्यावर?" तर म्हणाला, "कोंबड्या भिजत नाय आता."

वर्षभराने पुण्याकडची दुसरी एक संस्था आली. बचत गट काढा, झाडं लावा, पैसे आम्ही देऊ. फक्त धरणाचा विषय नको. त्याला मानधनसुद्धा मिळणार होतं. उत्तर टाइप करायला तो माझ्याकडे आला. "तुमची मदत आम्हांस घेता येत नाही," एवढा एकच मजकूर. खाली मी सवयीने 'आपला नम्र' टाइप केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "घरी आलेल्याला नाय म्हनायचा तर गोड बोलावा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याची बायको दुकानात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बाकड्यावर बस म्हटलं तर बसली नाही. "तो कागद तू लिवलास?" मी हो म्हटलं. "तुजा घरवाला पगार आनतो, तू मशीन बडवतेस. माज्या घरात काय शिजतं ते येऊन बघ आन मग लिव." एवढं बोलून गेली. मला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्याला सांगितलं तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती खरा बोलते. पन मी खोटा नाय बोललो."

खरी परीक्षा पुढेच होती. भाडं बंद झालं तशी बैठकीला माणसं येईनाशी झाली. जी येत ती विचारत, पैसे गेले कुठे? कुणी खाल्ले? ज्याच्या पायात धड चप्पल नाही त्याच्यावर हा आळ. तो चिडला नाही, पण ते त्याला लागलं. बाकड्यावर बसून म्हणाला, "चूक त्यांची नाय. आपनच सवय लावली. सोयऱ्याच्या लग्नाला जायाला कुनी भाडा मागतो? यांना बैठक आपली वाटतच नाय. वाटावी असा आपन काय केलाच नाय."

त्यातून त्याने जी वाट काढली ती फक्त आमच्या भागातल्या माणसालाच सुचली असती. आमच्याकडे बोहाडा असतो. देवीचा उत्सव, संबळ वाजतो आणि मुखवटे बांधून देवादिकांची, राक्षसांची सोंगं निघतात. त्यांच्या गावच्या बोहाड्यात प्रत्येक सोंग एकेका घराचं ठरलेलं. गणपती या घराचा, रावण त्या घराचा. बाप गेला की मुलगा मुखवटा बांधतो. पगार नाही, भाडं नाही. मुंबईला मजुरीला गेलेला माणूसही घरचं सोंग चुकवायला नको म्हणून परत येतो.

तो म्हणाला, "बोहाड्याला कोन मानधन देतो? तरी पिढ्यान्‌ पिढ्या चालला ना? मंग संघटनेची कामां पन घराघराला वाटू. घराचा मान म्हनून."

आणि त्याने खरंच वाटली. कचेरीत जाऊन अर्जाची पोच आणायची, हे एका घराकडे. बैठकीला पाणी आणि बसायला जागा, हे दुसऱ्या घराकडे. मोजणीवाले दिसले की ओरडायचं, हे नदीकाठच्या घराकडे. साहेबापुढे बोलायचं, हे त्याच्या स्वतःच्या घराकडे. मला म्हणाला, "टायपिंगचा सोंग तुज्या घराचा." मी म्हटलं, "मी काही तुमच्या गावची नाही." "मंग? बोहाड्याला पाव्हनं येत नाय काय?" झालं. तेव्हापासून कागद माझा, कार्बन माझा. मला गुंडाळलं हे मला कळत होतं, आणि गुंडाळून घ्यायला बरंही वाटत होतं.

गंमत म्हणजे हे चाललं. ज्या लोकांना भाडं दिलं तरी वेळेवर येणं जमत नव्हतं ते आता घराचा मान म्हणून भाकरी बांधून यायला लागले. एका घरातला कर्ता आजारी पडला तर त्याची सून अर्जाची पोच आणायला कचेरीत आली. डोक्यावरचा पदर सावरत साहेबाच्या टेबलाशी उभी राहिली, पोच घेतल्याशिवाय हलली नाही. मी माझ्या दुकानातून पाहत होते. त्या दिवसांत तो खुशीत असायचा.

पण घाईत त्याच्या हातून एक गोष्ट घडली, आणि तीही आमच्याकडच्याच माणसाच्या हातून घडावी अशी. बोहाड्याची सोंगं गावातल्या जमीनवाल्या घरांची. मजुरांच्या वस्तीकडे मुखवटा कधीच नव्हता. सोंगापुढे टेंभा, म्हणजे मशाल, धरून चालायचं काम त्यांचं. याने रीत उचलली ती आख्खीच उचलली. कामं वाटताना वस्तीला निरोप्याचं काम दिलं. बैठकीच्या आधी घरोघर जाऊन सांगून यायचं. त्याच्या मनात काही नव्हतं. हात आपोआप चालला.

वस्तीत एक वयस्क बाई होती. वीटभट्टीवर उभा जन्म गेलेला, आवाज खणखणीत. सगळे तिला मावशी म्हणत. भर बैठकीत ती उठून म्हणाली, "बोहाड्यात मुखवटा तुमचा आन टेंभा आमचा. आता हितं पन टेंभा आमचाच. बुडायचा तर सगळ्यांनी, आन बोलायचा तुमी?" आणि पदर खोचून निघून गेली. तिच्यामागे सगळी वस्ती उठली.

तिकडे ग्रामसभा जाहीर झाली. धरणाला संमतीचा ठराव मांडायचा होता, तोही दिवाळीनंतर, वस्ती भट्टीवर जायच्या दिवसांत. जमीनवाल्यांतली काही घरं मोबदल्याकडे झुकली होती. त्यांनाही दोष देता येत नाही. हात मोजले तर निकाल वस्तीच्या हातांवर होता. वस्ती आली नाही तर ठराव होणार, आणि एकदा ठराव झाला की इतक्या वर्षांचे अर्ज चुलीत घालायचे, हे माझ्यासारख्या टायपिस्टलाही कळत होतं.

तो दुकानात आला तेव्हा अर्जाचं काही काम नव्हतं. नुसता बसला. "बाय, पैसं गेलं तेवा मी मोडलो नाय," म्हणाला. "आता लाज वाटते." मी चहा मागवला. तो तसाच निवला.

पुढचं मला मावशीनेच नंतर सांगितलं. तो तिच्या दारात जाऊन बसला. ती कामाला गेली, परत आली, तरी हा तिथेच. "पानी पन नाय दिला मी त्याला," ती हसून सांगत होती. "बोललाच नाय काय. संघटना नाय, धरन नाय. माज्या नातवाला खेळवत बसला." संध्याकाळी तिने विचारलं, काय पाहिजे तुला? तेव्हा तो म्हणाला, "मावशी, साहेबापुढं बोलायचा मान माज्या घराचा हाय. तो तू घे. टेंभा मला दे."

"तुला जमेल काय टेंभा धराया? तेल सांडतो, हात भाजतो," ती म्हणाली.

"शिकेन," तो म्हणाला.

तुम्ही बाहेरचे असाल तर म्हणाल, यात काय एवढं? पण ज्या घराने पिढ्यान्‌ पिढ्या मुखवटा बांधला त्या घरातल्या माणसाने आपला मान उचलून वस्तीत नेऊन दिला होता. त्याचा थोरला भाऊ, मास्तर, त्याच्याशी वर्षभर बोलला नाही. पाड्यावरची दोन-चार घरं बैठकीला येईनाशी झाली. त्याने कुणाशी वाद घातला नाही. सकाळी उठून निरोप सांगायला निघायचा, एवढंच. वस्तीपासून सुरुवात करायचा आणि ज्या घरांनी दार लावून घेतलं होतं त्यांच्याही अंगणात उभं राहून सांगून यायचा.

ग्रामसभेला मी दुकान बंद करून गेले. भट्टीवाल्याचा ट्रक नाक्यावर आलेला होता आणि मुकादम हॉर्न वाजवत होता. वस्तीतली बिऱ्हाडं बोचकी बांधून तयार होती. ती बोचकी तशीच डोक्यावर घेऊन माणसं शाळेच्या पटांगणात येऊन बसली. तो मागे, फाटकाशी उभा. येईल त्याला "पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणत होता.

साहेबांनी ठराव वाचला. मावशी उठली. साहेबांशी हिंदीत बोलायचं असतं असं भट्टीवर तिच्या मनाने घेतलेलं, म्हणून तिने सुरुवात हिंदीत केली. "साहब, इस कागज में मेरा नाम किधर है?" साहेब मराठीच होते. ते म्हणाले, मावशी, मराठीत बोला. तेव्हा ती आपल्या बोलीवर आली. "मी हितं जलमली. माजी पोरां या नदीवर वाढली. कागदात सगळ्यांची नावां हायेत, माजा नाय. मंग मी बुडंन तेवा कोन बुडला म्हनून लिवनार तुमी?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नाक्यावर हॉर्न वाजतच होता. हात वर करायला सांगितलं तेव्हा संमतीला थोडे हात आले, आणि ते करणाऱ्यांनीही खाली मान घालून केले. विरोधाला वस्ती उठली, वस्तीमागून पाड्यावरची बरीच घरं उठली. थोरला भाऊ कुणाच्याच बाजूने हात न करता बसून राहिला, पण उठून गेला नाही. ठराव झाला नाही. मी मागे वळून पाहिलं तर हा रडत होता. तोंड पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

धरण रद्द झालं असं समजू नका. कागद कुठेतरी पडून असतात. दोन-चार वर्षांनी नवा साहेब नवी मोजणी घेऊन यायचा. पैसे देणारं मात्र पुढे कुणीच आलं नाही. एकदा येतो म्हणालेले आले नाहीत, एकदा आलेले नदीचा फोटो काढून गेले. संघटना चालत राहिली ती घराघरांच्या मानावर. आणि त्यातलं सगळ्यांत पायपिटीचं काम त्याने मागून घेतलेलं. जीपच्या मागे लटकत, नाहीतर चालत, तो पाडे फिरायचा. केस पांढरे झाले, गुडघा धरायला लागला.

माझ्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आता बघा, तुमचं नम्र एका बोटाने पुसते." मी पुसून दाखवलं. त्याने पडद्याकडे नाराजीने पाहिलं. "रेघ दिसाया पायजे, बाय. नाय तर आपन काय काढला ते त्यांना कळनार कसा?" तेव्हापासून मी आधी नम्र छापायची आणि तो पेनाने काढायचा.

तो गेला भातलावणीच्या दिवसांत. ताप अंगावर काढला. लावणी संपू दे, निरोप पोचू दे, असं करत राहिला; जव्हारच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. खूप दिवस मला त्याचा रागच येत होता. माणसाने स्वतःच्या जिवाची इतकी हेळसांड करावी, आणि ती तत्त्व म्हणून नाही, नुसती सवय म्हणून. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

संघटना आता संपणार असं बाजारात सगळेच म्हणत होते. मीही म्हणत होते. बोलायला मावशी होती, पोच आणायला ती सून होती, सगळे मान जागच्या जागी होते. पण माणसं बैठकीला यायची ती तो दारात येऊन सांगायचा म्हणून. त्याला मूल नव्हतं. त्या महिन्याची बैठक झालीच नाही, कारण ती आहे हे कुणी कुणाला सांगितलंच नाही.

पाऊस ओसरल्यावर एका दुपारी दुकानाच्या दारात त्याची बायको उभी राहिली. त्या भांडणानंतर ती कधी आली नव्हती. आणखी बारीक झालेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मी घाईने उठले, बाकडं पुसलं. ती या वेळी बसली. पाणी दिलं, प्यायली.

मला वाटलं, काही अर्ज असेल. विधवा म्हणून काही मदत मिळते का, याचा कागद करायचा असेल. मी प्रिंटरमध्ये कागदही सरकवला. ती त्या कागदाकडे पाहून मान हलवत म्हणाली, "लिवायचा नाय काय."

मग पदराने तोंड पुसून, पाठ केल्यासारखं, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंगळवारी बैठक हाय. वस्तीवर, मावशीच्या दारात. चुलीवरचा टाकून या, असा तो म्हनायचा. मी तसा नाय म्हनत. चुलीवरचा उतरव, पोरांना जेवाया घाल आन मंग ये."

मी येते म्हटलं. ती उठली. अजून बरीच घरं राहिलीत म्हणाली. बाहेर एक गिऱ्हाईक कागद घेऊन उभं होतं, त्याला थांबायला सांगून मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले.